जावईबापूंचा उपास

"माशांना काय कळतं हो, जे घालाल ते खातील," असं कुणी म्हणालं की पूर्वी मी अर्धा तास भांडायचे. आता नाही भांडत. मान हलवते, बादली उचलते आणि पुढच्या घरी जाते. साठी उलटली, गुडघे बोलायला लागले. सतत पाण्यात हात घालून बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात, त्या कुठल्या मलमाला जुमानत नाहीत. एके काळी दिल्ली, नोएडा, गुरुग्राम मिळून पस्तीसेक टाक्या माझ्याकडे होत्या. आता अकरा ठेवल्यात. त्या तरी कशाला ठेवल्यास, असं आमचे हे रोज सकाळी विचारतात.

काम काय, ते आधी सांगते, कारण नातेवाइकांनाही ते नीट कळलेलं नाही. लोकांच्या घरातली, ऑफिसातली माशांची टाकी सांभाळायची. पाणी बदलायचं, काच घासायची, फिल्टर धुवायचा आणि मासे काय खातात यावर नजर ठेवायची. पहिली तीन कामं कुणीही करेल. चौथ्यासाठी मला बोलावतात. आमचे हे फौजेत हवालदार होते. लग्न झालं आणि मी साताऱ्याकडच्या खेड्यातून थेट दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये येऊन पडले. शेजारच्या साहेबांची बदली झाली तेव्हा "भाभी, दो महिने संभाल लो" म्हणत त्यांनी आपली टाकी आमच्या दारात ठेवली. ते काही परत आले नाहीत. त्यातले चार मासे मी मारले. हो, मीच. मायेनं, दिवसातून पाच वेळा खायला घालून. पाचव्यापासून शिकले.

इकडे मला 'मछलीवाली आंटी' म्हणतात. त्यामुळे महिन्यातून एखादा तरी फोन येतो, "आंटी, रोहू ताजा है क्या?" पूर्वी हसायचे. आता नुसताच फोन ठेवते.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळलाय. गिऱ्हाइकाच्या घरी चहा घ्यायचा नाही. हाताला अळ्यांचा, शेवाळाचा वास असतो, त्या हातानं कुणाच्या कपबशीला शिवायचं नाही, असं मी सांगते. खरं कारण वेगळं आहे. एकदा बसले की मला उठवत नाही.

आता माशांच्या जेवणाचं. बाजारात दाणे मिळतात. त्यांत माशाला लागतं ते सगळं असतं. दिसायला बेरंगी, वासाला कुबट. ती त्यांची भाजी-भाकरी समजा. आणि मिळतात लाल अळ्या, गोठवलेल्या, छोट्या छोट्या वड्यांमध्ये. ती जत्रेतली भजी. आठवड्यातून एकदा ठीक, पण रोज घातली की मासा दाण्याकडे ढुंकून बघत नाही. दाणा तोंडात घेतो, फू करून थुंकतो आणि काचेतून तुमच्याकडे असा बघतो, की जणू तुम्हीच त्याचा अपमान केलाय. मग घरातला कुणीतरी विरघळतो. "बिचारा उपाशी राहील" म्हणतो आणि अळ्यांची वडी टाकतो. बिचाऱ्याला तेच हवं असतं. पुढे त्याचा रंग उतरतो, पर झडतात, डोक्यावर खड्डे पडतात, आणि मग मला फोन येतो.

लोकांना वाटतं अवघड काम माशाला समजावण्याचं आहे. छे! मासा आठवड्यात समजतो. माणसं नाही समजत.

गुरुग्रामला पंचविसाव्या मजल्यावर एक कुटुंब होतं. घरात कांदा-लसूण चालत नाही, आणि वास्तूसाठी टाकी ठेवलेली, तीत अरोवाना. हातभर लांब, चांदीच्या पट्टीसारखा, अस्सल मांसाहारी मासा. तो खात नाही म्हणून मला बोलावलं. बघते तर पाणी दुधासारखं पांढरं आणि तळाशी पनीरचे तुकडे! बाई शांतपणे म्हणाल्या, "हमारे घर में रहेगा तो शाकाहारी ही रहेगा ना, आंटी." मी कपाळाला हात लावला. पण त्यांच्याशी भांडून काय उपयोग? श्रद्धा त्यांची, भूक त्याची. शेवटी मीच तो अरोवाना एका ऑफिसात पोचवला आणि बाईंना पालक खाणारे सहा चंदेरी मासे आणून दिले. आता त्या पालक निवडतानाचे फोटो मला पाठवतात.

पानिपतलाही जाऊन आले एकदा. चादरींचा मोठा व्यापारी. त्याला ज्योतिषानं सांगितलेलं, दर मंगळवारी माशांना कणकेच्या गोळ्या घाल. ज्योतिषाच्या मनात नदीतले मासे असणार. हा घरच्याच टाकीत घालत होता. मासे लिंबासारखे फुगलेले. मी दोन तास समजावलं, पोट साफ व्हावं म्हणून मटार उकडून, सोलून, चिमटीत धरून खाऊ घालून दाखवला. निघताना तो हात जोडून म्हणाला, "सब ठीक है आंटी, लेकिन मंगल का क्या करें?" मराठी माणसानं पानिपतला जावं आणि जिंकून यावं, हे काही आमच्या नशिबात नाही बघा. बसमध्ये बसले आणि डोळे मिटून घेतले.

या गोष्टी सांगून मी पुष्कळांना हसवलंय. एक गोष्ट मात्र सांगायची टाळत आले. तिच्यात मी हसण्यासारखी वागले नाही.

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये सुनंदा मॅडम राहायच्या. मूळच्या वर्ध्याकडच्या, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. नवऱ्याची बदली गुवाहाटीला. आई वारल्यावर त्यांनी वडिलांना, नानांना, गावाहून आणून ठेवलं होतं. नाना जन्मभर पोस्टमन. रोज शंभर दारांत उभं राहून बोलणारा माणूस. दिल्लीत आले आणि बोलणंच बंद झालं. हिंदी तोडकीमोडकी, लेक सकाळी नऊला जाणार, सातला येणार. येऊन पुन्हा लॅपटॉप. दर चार दिवसांनी म्हणायचे, "नंदा, मले गावी सोडून दे." गावी कोण होतं? कुलूप. शिवाय साखरेचा आजार, गोळ्या चालू. म्हणून मॅडमनी टाकी आणली, तीत ऑस्कर जातीचा एक मासा, काळा-केशरी, पुढे पुढे थाळीएवढा झालेला.

त्याचं नाव नानांनी ठेवलं जावईबापू. "आमचा खरा जावई वाढलं ते खाते बिचारा," नाना मला म्हणाले, "सारे नखरे ह्याचेच हायेत."

त्या माशापुढे नाना खुर्ची टाकून बसत आणि पेपर वाचून दाखवत. गावचं कोण कोणाकडे गेलं, कुणाच्या मनिऑर्डरीवरून कसं भांडण झालं, सगळं त्याला सांगत. मी जायची तेव्हा दर वेळी, "बाई, चहा?" "नको नाना, हाताला वास आहे." "बरं बाप्पा." हे आमचं ठरलेलं. नाना स्वतः बिनसाखरेचा चहा दिवसातून चारदा घ्यायचे. तेवढं एकच सुख डॉक्टरांनी ठेवलं होतं.

जावईबापू फक्त अळ्या खायचे, आणि नाना त्या प्रेमानं घालायचे. वर्षभरात त्याच्या डोक्यावर खड्डे दिसू लागले. आधी टाचणीच्या टोकाएवढे, मग मसुरीएवढे. मी मॅडमना स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर हा दोन-तीन महिन्यांत जाईल. मॅडमचा चेहरा उतरला. नाना आत होते, तरी त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, हा गेला ना, तर बाबा एक दिवस इथे राहणार नाहीत. बिल्कुल नाही. आणि गावी ते एकटे..." मलाही कळलं की मी मासा वाचवायला उभी नाहीये.

उपाय एकच, उपास. तगडा मोठा मासा दहा-बारा दिवस काही न खाता आरामात राहतो. काचेशी येऊन अंग हलवतो ती भूक नसते, सवय असते. तुम्ही दिसलात की खायला मिळतं, हे त्याला पाठ असतं. आठ-दहा दिवस काही द्यायचं नाही, मग वासानं ओढ लागावी म्हणून लसणाच्या रसात भिजवलेला दाणा द्यायचा. थुंकला तर पुन्हा उपास. अट एवढीच, की घरातल्या एकानंही फितूर व्हायचं नाही. मी दोघांना समोर बसवून सांगितलं. अळ्यांचं पाकीट फेकून द्या म्हणाले. मॅडम म्हणाल्या, फेकते. नानांनी विचारलं, "आठ दिवस काहीच नाही? पाणी पिऊन?"

"काही होत नाही त्याला, नाना."

"तुम्हाले काय ठाऊक, त्याले काय होते ते," नाना म्हणाले. पण हो म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळी लवकर गेले. खाली फाटकाशी नाना गाईला पोळ्या खाऊ घालत होते. दोन पोळ्या, वर भाजी. मी मनात म्हटलं, यांचा हात काही रिकामा राहत नाही. वर येऊन टाकीत पाहिलं आणि माझं डोकं सणकलं. वाळूवर माशाची ताजी, तांबूस शी पडली होती. चार दिवस पोटात काही नसलेल्या माशाची टाकी लख्ख असते. तांबूस म्हणजे अळ्या. कुणीतरी घालत होतं.

कुणीतरी कशाला? घरात माणसं दोन. एक शिस्तीची, सरकारी फायली सांभाळणारी. दुसरा म्हातारा, त्या माशावर जीव टाकणारा, आत्ताच खाली गाईला घालून आलेला. माझ्या धंद्यात चोर नेहमी तोच निघतो, जो दिवसभर टाकीपुढे बसतो. मी वाळू साफ केली आणि निघाले. आठव्या दिवशी गेले तर पुन्हा तेच. दाणा टाकला, जावईबापूंनी घेतला, फू करून थुंकला. डोक्यावरचे खड्डे आणखी खोल. त्या दिवशी गुडघा ठणकत होता, पुढे मेट्रोनं गुरुग्राम गाठायचं होतं. माझा तोल गेला.

"नाना, तुमच्या मायेनं तुम्ही त्याला मारताय. खोटं कशाला बोलायचं या वयात?"

नाना खुर्चीतून उठले. दोन क्षण लागले त्यांना सरळ उभं राहायला. "मी नाही देल्लं बाई. देवाशपथ नाही देल्लं."

"मग टाकीतला देव येऊन घालतो का?"

नानांनी त्या दिवशी चहाचं विचारलं नाही. मी बादली उचलून निघून आले. खरं सांगते, जिन्यात मला बरं वाटलं. कुणाला तरी सुनावल्यावर वाटतं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन. नाना फाटकाशी, गाईसमोरच, चक्कर येऊन पडले होते. मी गुरुग्रामच्या दोन टाक्या तशाच सोडल्या आणि हॉस्पिटल गाठलं. सलाईन लावलेलं, चेहरा कागदासारखा. साखर पार खाली गेली होती. डॉक्टर विचारत होते, "बाबाजी, रात को क्या खाया था?"

"कुछ नहीं."

"परसों रात?"

"कुछ नहीं."

मॅडम मध्येच म्हणाल्या, "अहो बाबा, असं काय बोलताय, मी रोज ताट वाढून देते!" नानांनी डोळे उघडले. लेकीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"तो तिकडून उपाशी पायते माह्याकडं. मग मी कसा जेवू, सांगा मले? दिवसाचं जेवलो. रातचं नाही जेवलो. पोळी कागदात बांधून ठेवो, सकाळी गाईले देवो."

रात्रीच्या गोळ्या मात्र ते नेमानं घेत होते, लेकीला शब्द दिला होता म्हणून. जेवण नाही आणि गोळी पोटात. मॅडम उठून बाहेर गेल्या, डॉक्टरांना हे हिंदीत समजावून सांगायला कुणी उरलं नाही. शेवटी मीच सांगितलं. फाटकाशी मी त्या पोळ्या पाहिल्या होत्या. दोन पोळ्या, वर भाजी. गाईला कुणी भाजी घालून पोळी देतं का? एका माणसाचं अख्खं जेवण होतं ते. वाळूवरची शी मला दिसली, आणि हे दिसलं नाही.

बाहेर बाकावर मॅडम ओढणीत तोंड घालून रडत होत्या. मी शेजारी बसले. ओढणी बाजूला करून म्हणाल्या, "ताई, मी घालत होते."

"काय?"

"अळ्या. पाकीट नाही फेकलं. बाबा सकाळी गाईकडे जायचे ना, त्या पाच मिनिटांत. तो काचेशी यायचा आणि मला वाटायचं, हा आज गेला तर बाबा उद्या निघतील. मी रोज ठरवायचे, उद्या नाही घालणार." मग म्हणाल्या, "तुम्ही काल बाबांना बोललात, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. सगळं ऐकत होते. बाहेर नाही आले."

त्यांच्यावर ओरडायचा हक्क मला उरला नव्हता. आठ दिवसांत माशाला एकदाही उपास घडला नाही. घडला तो नानांना, आणि वरून चोरीचा आळ माझ्याकडून. इतकी वर्षं मी लोकांना ऐकवत आले, की माशाचं तोंड बघू नका, त्याची तब्येत बघा. माणसाची तब्येत समोर होती, ती मी पाहिली नाही.

तिसऱ्या दिवशी नाना घरी आले. मी गेले, बादली न घेता. म्हटलं, "नाना, चुकलं माझं. तुम्हाला नाही ते बोलले."

नाना जावईबापूंकडे बघत होते. म्हणाले, "तुम्ही मले चोर म्हटलं नाही बाई. पण तोंड तसंच केलं. आमची नोकरी लोकायचे पैसे घरोघरी नेऊन देण्याची होती. असं तोंड कोणी केलं नव्हतं आजवर." बाजूला मॅडम उभ्या होत्या. त्यांनी नानांना आपलं सगळं सांगितलं होतं. त्यावर नाना काय म्हणाले ते मी कधी विचारलं नाही.

उपास पुन्हा सुरू करावा लागणार होता. खड्डे थांबायला तयार नव्हते. मॅडमनी फ्रीजमधलं पाकीट माझ्या हातात दिलं. आता प्रश्न नानांचा. मी म्हणाले, नाना दोन्ही वेळ लेकीसमोर जेवणार असतील तरच. नाहीतर मासा जाऊ दे.

नाना म्हणाले, "जेवतो. पण चहा सोडला. त्यानं दाणा खाल्ला तरच चहा."

"अहो बाबा!"

"चहानं कोणी मरत नाही, डॉक्टरले विचार."

पुढे मी रोज गेले. टाकीसाठी नाही म्हणा ना. रोज सकाळी नाना खुर्चीत, जावईबापू काचेशी अंग हलवतायत, आणि चहाच्या वेळेला नाना नुसते हात चोळत बसलेले. चिडचिड करायचे, डोकं दुखतं म्हणायचे. मॅडम ऑफिसला उशिरा जाऊ लागल्या. वाळू लख्ख होती. सहाव्या दिवशी दाणा टाकला, थुंकला. सातव्या दिवशी लक्षच दिलं नाही. आठव्या दिवशी मलाच धीर धरवेना. मी मनात हिशेब केला, अजून दोन दिवस, मग मीच हार मानून अळ्या घालणार. नानांना गावी जाऊ द्यायचं नव्हतं मला. कधी असं झालं, कळलं नाही.

नवव्या दिवशी रविवार होता. मी लसणाच्या रसात भिजवलेला एकच दाणा नानांच्या चिमटीत दिला. दाणा पाण्यात पडला, खाली जाऊ लागला. जावईबापू आले, दाणा तोंडात घेतला, आणि थुंकला. मॅडमनी तोंड फिरवलं.

"थांब," नाना म्हणाले.

दाणा हळूहळू वाळूकडे चालला होता. मासा वळला, पुन्हा त्याच्यामागे गेला, आणि घेतला. आम्ही तिघं वाट बघत राहिलो. गालफडं दोनदा हलली. बाहेर काही आलं नाही.

नाना मागे टेकून बसले. डोळे पुसले, चष्मा पुसला, मग पुन्हा डोळे.

"नंदा," ते म्हणाले, "चहा टाक." आणि माझ्याकडे न बघता, "तीन कप."

मी हात पुढे केले, ओले, वासाचे. म्हणाले, "नाना, हाताला वास आहे."

"असू दे," ते म्हणाले. "बसा."

मी बसले.